डच साहेबांची बदलती चव

बिअर मी आयुष्यात एकदाही प्यायलेले नाही. पण ती कशी प्यावी यावर मी जेवढी व्याख्यानं ऐकली, तेवढी एखाद्या पट्टीच्या पिणाऱ्यानंही ऐकली नसतील. सगळी व्याख्यानं डच लोकांची, आणि सगळी दुबईत. तिथल्या एका डच कंपनीत मी ऑफिस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते. समुद्राचा तळ उपसायचा आणि निघालेली वाळू किनाऱ्यावर ओतून नवी जमीन तयार करायची, हा कंपनीचा धंदा. ऑफिस देरात, खाडीच्या काठावर. खिडकीतून लाकडी गलबतं दिसायची आणि त्यांवर चढणारे फ्रिज, टायर, तांदळाची पोती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून नवऱ्यामागोमाग तिथे गेले, करामातल्या दोन खोल्यांत संसार मांडला आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर ही नोकरी धरली.

काम म्हणजे व्हिसा, विमानाची तिकिटं, साहेब लोकांसाठी भाड्याचे व्हिला, आणि त्यांच्या बायकांच्या एसीबद्दलच्या तक्रारी. शिवाय गुरुवारची बिअर. ही शेवटची गोष्ट अपॉइंटमेंट लेटरमध्ये नव्हती. शुक्रवारी सुट्टी असायची, गुरुवारी अर्धा दिवस. मग गुरुवारी दुपारी सगळी डच मंडळी मॅनेजर साहेबांच्या जुमेरातल्या व्हिलाच्या बागेत जमायची, आणि किती माणसं येणार, काय खाणार, ग्लास कुठे मांडायचे हे बघायला मी जायचे. बाईमाणूस आहे, म्हणजे पाहुण्यांचं बघेलच, असा त्यांचा हिशेब. हॉलंडमध्ये बायका पुरुषांच्या बरोबरीनं असतात, हे ते मला त्याच बागेत समजावून सांगत, आणि मी तेव्हा चीजचे चौकोनी तुकडे काडीला टोचत असे.

मॅनेजर साहेब पन्नाशीचे. दाराच्या चौकटीत मान वाकवून शिरणारे, उन्हानं टोमॅटोसारखे लाल झालेले. मला नावानं हाक मारा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते माझ्या तोंडून कधी निघालं नाही. मी शेवटपर्यंत 'सर'च म्हणत राहिले.

पहिल्या गुरुवारी त्यांनी मला टेबलाजवळ उभं करून शिकवणी घेतली.

"बिअर एकच असते," ते म्हणाले. "हिरव्या बाटलीतली, आमच्याकडची. बाकी सगळं सरबत."

"मग दुकानात इतक्या प्रकारच्या का ठेवतात?"

"इंग्रजांसाठी. त्यांना कोमट बिअर चालते. त्यांना काहीही चालतं."

मग नियम. ग्लास छोटा हवा, कारण मोठ्या ग्लासात शेवटचा घोट गरम होतो; मोठे ग्लास जर्मनांना लखलाभ. ग्लास आधी थंड पाण्यात बुडवून काढायचा, पुसायचा नाही. ओतताना वर दोन बोटं फेस आला पाहिजे. जास्तीचा फेस प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीनं सपकन कापून टाकायचा. दोन बोटं म्हणजे त्यांची स्वतःची बोटं; ती आडवी धरून ते प्रत्येक ग्लास मापत, आणि कमी भरला तर देणाऱ्याकडे असं बघत की जणू त्यानं धरणाची भिंत फोडली आहे. पुण्यात माझ्या सासऱ्यांनी चहाचे असेच नियम केले होते. कप आधी गरम पाण्यानं विसळलेला हवा, साय दिसता कामा नये, बशी कोरडी हवी. तेव्हाही मला मनातल्या मनात हसू यायचं. पण सासरे निदान चहा बनवणाऱ्या सुनेला एक कप देत तरी होते.

शेजारच्या बेल्जियममध्ये मठातले साधू जाड, काळपट बिअर बनवतात, हेही मला साहेबांकडूनच कळलं. तिच्यात म्हणे लवंगा, धने, संत्र्याची साल असं काय काय लागतं. "उपासाला पोट भरावं म्हणून केलेली ती पेज आहे," साहेब म्हणायचे. "बिअरला चव असली की समजावं, काहीतरी बिघडलंय." यावर बागेतले सगळे डच हसत. सगळे हिरव्या बाटलीतलीच पीत. साहेबांसमोर वेगळी बाटली उचलण्याची कोणाची छाती नव्हती.

या बागेत न पिणारी माणसं दोनच. एक मी. दुसरा आमचा मंदूब. सरकारी कचेऱ्यांतून व्हिसा, परवाने, शिक्के मिळवून आणणाऱ्या माणसाला तिथे मंदूब म्हणतात. आमचा मंदूब सुदानी होता, साठीकडे झुकलेला, पांढराशुभ्र पायघोळ झगा आणि डोक्याला सैल पागोटं. शिक्के मारलेले पासपोर्ट द्यायला तो गुरुवारी व्हिलावर यायचा. साहेब त्याला बसवून घ्यायचे, आणि मग तो स्वतःच्या पिशवीतून मॉल्टचा कॅन काढायचा. बार्लीचं, बिअरसारखं दिसणारं पण नशा नसलेलं हे पेय तिथे प्रत्येक किराणा दुकानात मिळायचं. साधं, सफरचंदाचं, स्ट्रॉबेरीचं. अरब प्यायचे, पठाण ड्रायव्हर प्यायचे, शाळेतली मुलंसुद्धा प्यायची.

"पुन्हा पावाचं पाणी?" साहेब विचारायचे.

"थंड आहे, अल्हमदुलिल्लाह," मंदूब म्हणायचा.

"बिअरमधून बिअर काढून टाकली तर उरतं काय? डबा." साहेबांचा हा विनोद मी वर्षानुवर्षं ऐकला. मंदूब प्रत्येक वेळी जणू पहिल्यांदाच ऐकतोय असं हसायचा. मला मात्र ते जमलं नाही.

आता आमच्या घरचं सांगते. माझा नवरा एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंटंट. पुण्यात असताना सोड्याच्या वर त्याची कधी मजल गेली नव्हती. दुबईत आल्यावर, बिगरमुसलमानांना मिळतं ते दारूचं लायसन्स त्यानं काढलं आणि मग मला रोज विचारायला लागला, "काय गं, तुझे साहेब कुठली पितात?" मी एकदा सांगून बसले. दुसऱ्या आठवड्यात आमच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, हिरव्या बाटल्या उभ्या. शुक्रवारी महाराष्ट्र मंडळातले त्याचे मित्र जेवायला आले. तेही पुण्यामुंबईचे नोकरदार. एका हातात टीव्हीचा रिमोट, एका हातात ग्लास आणि समोर माझ्या हातचा चिवडा.

"डच लोक फेस कापतात," नवऱ्यानं जाहीर केलं. मग स्वयंपाकघरात येऊन त्यानं पट्टी शोधली. ती कुठली असायला? शेवटी धिरडी उलटायचं उलथनं घेऊन गेला.

"अहो, ते उलथनं आहे."

"धुऊन देतो ना मी."

त्या दिवशी चार शहाणी माणसं उलथन्यानं फेस कापत बसली, आणि एक जण दुसऱ्याला सांगत होता, की दोन बोटांच्या वर फेस गेला तर अरोमा मरतो. आमची मुलगी तेव्हा सहासात वर्षांची. ती बापाच्या मांडीवर चढली, ग्लासाचा वास घेतला आणि म्हणाली, "बाबा, इट स्मेल्स लाइक वेट सॉक्स." एवढ्या वर्षांत बिअरबद्दल ऐकलेलं हे मला पटलेलं एकमेव मत.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा हॉलंडहून एक नवा डेप्युटी आला. तिशीतला, केसांना जेल, हसताना सगळे दात दाखवणारा. पहिल्याच गुरुवारी तो स्वतःचा खोका घेऊन आला. आत गव्हाची बिअर. गढूळ, तांदूळ धुतलेल्या पाण्याच्या रंगाची. ती त्यानं उंच जाड ग्लासात ओतली आणि मला विचारलं, "लिंबू आहे का?"

मी आमच्या करामातून आणलेली हिरवी लिंबं पुढे केली. सरबतासाठी ठेवली होती.

"ही नाही. पिवळी, मोठी. फोड करून ग्लासात टाकतात. आणि ती चेचायला प्लॅस्टिकची दांडी असते."

मॅनेजर साहेब उठून उभे राहिले. "लिंबू माशावर पिळतात," ते म्हणाले.

"तुमच्या वेळी, सर," डेप्युटी हसत म्हणाला. "आता हॉलंडमध्ये सगळे अंगणात बसून हीच पितात. हिरव्या बाटलीतली म्हातारी माणसं पितात."

साहेबांनी बोटं आडवी धरून स्वतःच्या ग्लासातला फेस मापला. पण पुढच्या गुरुवारपासून बागेत दोन टेबलं लागायला लागली. एका टेबलावर साहेब, छोटे ग्लास, फेसाची पट्टी. दुसऱ्यावर डेप्युटी, गढूळ ग्लास आणि लिंबाच्या फोडी. पहिले काही आठवडे दुसऱ्या टेबलावर तो आणि एक सर्व्हेअर एवढेच होते. मग हळूहळू खुर्च्या तिकडे सरकायला लागल्या. ज्या माणसांनी वर्षानुवर्षं 'बिअरला चव नसावी' या वाक्यावर माना डोलावल्या होत्या, तीच माणसं आता ग्लासात दांडी फिरवत, डोळे मिटून म्हणत होती, "अहाहा, किती ताजी." त्यांच्या जिभेला रातोरात पालवी फुटली की काय, मला कळेना. मला एवढंच कळलं, की मला आता गुरुवारी सकाळी पिवळी लिंबं शोधत हिंडावं लागतंय.

नवऱ्याला ही बातमी मी सांगितली नव्हती. तरी कुठूनशी ती करामात पोचलीच. एका शुक्रवारी त्याच्या मित्रानं ग्लासात लिंबू पिळलं, वर चाट मसाला भुरभुरला आणि म्हणाला, "युरोपमध्ये सध्या असंच चाललंय."

साहेब तेवढं वर्ष एकटे लढले. त्यांच्या टेबलावर शेवटी दोनच म्हातारे कॅप्टन उरले होते. उन्हाळ्यात साहेब सुट्टीवर हॉलंडला गेले आणि परत आले ते एक मोठं खोकं घेऊन. मला त्यांनी ते उघडायला लावलं. आत कागदात गुंडाळलेले काचेचे चषक. पाय असलेले, देवळातल्या समईच्या आकाराचे, कडेला सोनेरी रेघ.

त्या गुरुवारी साहेबांनी बेल्जियमच्या साधूंची ती काळपट बिअर मागवली. चषकात ओतली. नाक आत घालून वास घेतला.

"लवंग," ते म्हणाले. "थोडं जळलेल्या साखरेसारखं. आणि मागून सुक्या मनुका."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "सर, ही ती पेज ना?"

"कुठली पेज?" ते म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं, की आठवत नसल्याचं दाखवत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. "माणसानं चवीच्या बाबतीत वाढत राहिलं पाहिजे. लिंबू पिळणं हे पोरांसाठी. ही मोठ्यांची बिअर."

खरं काय घडलं ते मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. ती स्वतः व्हाइट वाइन प्यायची आणि या सगळ्या पुरुषांबद्दल तिचं मत माझ्या मताच्या बरंच जवळ होतं. स्वयंपाकघरात मांसाचे गोळे तळताना ती म्हणाली, "आम्ही मुलीकडे उतरलो होतो. जावयानं ह्यांना विचारलं, काय घेणार, माझ्याकडे बारा प्रकार आहेत. हे म्हणाले, साधी हिरवी बाटली. जावई म्हणाला, ती मी घराला रंग द्यायला येणाऱ्या माणसांसाठी ठेवतो, गॅरेजमध्ये असेल, आणतो."

"मग?"

"मग आणली. ह्यांनी प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात जाऊन हे चषक घेऊन आले."

मला क्षणभर साहेबांची दया आली. मुलीच्या घरी, जावयासमोर, सगळ्या घरादारासमोर असं व्हावं, हे कोणालाही लागलं असतं. पण बाहेर बागेत ते पुन्हा मनुका हुंगत होते आणि दोन्ही कॅप्टनांना समजावत होते, की ही बिअर गार प्यायची नसते. कोमटच प्यायची असते. ती दया काही टिकली नाही.

पुढची दोनतीन वर्षं असंच चाललं. समुद्रात बेटं बांधायची कामं निघाली, कंपनी फुगली, बागेत माणसं वाढली, टेबलं वाढली. चेरीची बिअर आली, मधाची बिअर आली. प्रत्येकाचा वेगळा ग्लास. मांडता मांडता माझे हात भरून यायचे.

मग तो गुरुवार आला. मार्च महिना असावा, हवा छान होती. ऊन उतरायच्या आतच डेप्युटी निघाला. "जेवायला बाहेर जायचंय," म्हणाला. बायको सुट्टीवर हॉलंडला गेली होती, म्हणून गाडी तो स्वतः चालवत होता. दुबईत दारू पिऊन गाडी चालवायला एका घोटाचीही सूट नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. नव्या माणसाला हे सांगणारा छापील कागद मीच द्यायचे. साहेबांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि पाठीवर थाप मारली.

शुक्रवारी सकाळी मी पोहे करत होते. फोन वाजला. मंदूब होता.

"सिस्टर, डेप्युटी साहेब पोलीस स्टेशनमध्ये आहेत. भाजीच्या व्हॅनला धडकले. व्हॅनवाला हॉस्पिटलमध्ये. मॅनेजर साहेबांना फोन केला, ते म्हणाले, तुमच्याशी बोल."

"ते येतायत का?"

"म्हणाले, शुक्रवार आहे, त्यांची तब्येत ठीक नाही. यल्ला, चला, मी खाली गाडी घेऊन येतो."

पोह्यांचा गॅस बंद केला, मुलीला नवऱ्यावर सोपवलं आणि निघाले. आधी पोलीस स्टेशन. मंदूब आत अरबीत बोलत राहिला, मी बाकावर बसले. मग आम्हाला जाळीच्या खिडकीशी नेलं. डेप्युटीचं जेल उतरलेलं, शर्टावर रक्ताचा एक डाग, तोही त्याचा स्वतःचा, नाकाचा. मला बघताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीनच ग्लास प्यायलो होतो," तो म्हणाला. "आणि गव्हाची तर हलकी असते. तुम्ही त्यांना सांगा ना, ती हलकी असते."

"मी काय सांगू? मी प्यायलेले नाही."

"मी किती दिवस इथे असणार?"

मी मंदूबकडे पाहिलं. "इन्शाल्ला, लवकर सुटाल," तो म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "महिना तरी जाईल."

तिथून आम्ही हॉस्पिटलात गेलो. व्हॅनवाला पठाण होता, पेशावरकडचा, चाळिशीचा. उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. कॉटशेजारी त्याचा भाऊ उभा. मी हिंदीतून विचारपूस केली.

"हात बरा होईल," तो म्हणाला. "पण गिअर उजव्या हातानं टाकायचा असतो. आणि पेट्या उचलायच्या असतात." मग म्हणाला, "तुमचा साहेब बरा आहे ना? फार रडत होता. मीच त्याला रस्त्याच्या कडेला बसवला."

मोडक्या हातानं त्यानं आमच्या डेप्युटीला कडेला बसवलं होतं, पाणी दिलं होतं. मी मान खाली घालून ऐकत राहिले. मंदूबनं त्याचा डावा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

शनिवारी ऑफिसात मी साहेबांना सगळं सांगितलं. डेप्युटीबद्दल त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. गादी मिळते का, खायला काय देतात, वकील कोण. व्हॅनवाल्याबद्दल एकच. "त्याचा इन्शुरन्स आहे ना?" नंतर आठवडाभर जेवढे डच ऑफिसात आले, त्या सगळ्यांनी मला डेप्युटीची खुशाली विचारली. दुसऱ्या माणसाची एकानंही विचारली नाही. मंदूब मात्र रोज दुपारी हॉस्पिटलला जायचा. कंपनीनं पठाणाला भरपाई दिली तीही त्यानं कागदांच्या मागे लागून मिळवून घेतली म्हणून.

पुढच्या गुरुवारी बागेत मोजकीच माणसं आली, आणि आली तीही ग्लासाकडे हात न्यायला तयार नव्हती. प्रत्येकाची गाडी फाटकाबाहेर उभी होती. साहेब येरझाऱ्या घालत होते. शेवटी ते मंदूबजवळ गेले. तो नेहमीसारखा पिशवीतला कॅन उघडत होता.

"हे कुठे मिळतं?" साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं.

"कुठल्याही बकाल्यात, सर." बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान.

पुढच्या आठवड्यात बागेत मॉल्टचे खोकेच्या खोके आले. साहेबांनी ते सोनेरी रेघेच्या चषकात ओतलं, नाकाशी धरलं आणि म्हणाले, "भाजलेल्या पावाचा सुगंध आहे. स्वच्छ शेवट." दुसऱ्या टेबलावरच्यांनी त्यात लिंबाची फोड टाकली. वर्षानुवर्षं डब्याच्या विनोदावर हसलेली सगळी तोंडं आता त्याच डब्यातलं चाखत होती आणि आपण काहीतरी नवं शोधून काढलंय अशा थाटात एकमेकांना सांगत होती. मंदूबला कोणी काही म्हणालं नाही. तो आपला कॅन संपवून, पासपोर्ट देऊन निघून गेला.

त्याच सुमारास साहेबांच्या बायकोचा भाऊ हॉलंडहून पाहुणा आला. तो तिकडच्या कुठल्याशा बिअर कंपनीत मार्केटिंगला होता. चषक हातात घेऊन त्यानं सगळ्यांना उद्देशून सांगितलं, "तुम्ही इथे जे करताय तेच तिकडे होतंय. डच ग्राहक बदलतोय. कमी पितो, पण निवडून पितो. त्याची जाणीव वाढली आहे. आधी त्याला फक्त तहान होती, आता त्याला चव आहे."

सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. साहेब म्हणाले, "अगदी खरं. आम्ही स्वतःहूनच हा बदल केला."

मी रिकामे ग्लास उचलत होते. हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"स्वतःहून कसा, सर?" मी म्हणाले. "एक जण जावयाला घाबरला, बाकीचे तुमच्या डेप्युटीला. आता सगळे पोलिसांना घाबरलेत. यात जीभ कुठे आली?"

पाहुण्याला गंमत वाटली, तो हसला. साहेब हसले नाहीत. जावयाची गोष्ट मला ठाऊक आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे त्यांची बायको वाइनचा ग्लास घेऊन उभी होती आणि मजेत बाहेर बघत होती.

"तो व्हॅनवाला अजून हात वर करू शकत नाही," मी पुढे म्हणाले. "त्याची चौकशी कोणी केली असती, तर मी म्हटलं असतं, जाणीव वाढली."

आता पाहुणाही हसायचा थांबला. मी ट्रे उचलून आत गेले.

शनिवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, "गुरुवारची व्यवस्था यापुढे दुसरं कोणीतरी बघेल. तुमच्यावर कामाचा ताण फार आहे असं मला वाटतं."

"बरं, सर."

"ही शिक्षा नाही."

"नाही ना? मग छानच झालं," मी म्हणाले आणि बाहेर आले. ही शिक्षा आहे असं त्यांना वाटत होतं, ते मला दिसत होतं. एवढ्या वर्षांनी मला गुरुवारची दुपार मोकळी मिळाली होती. पुढच्या गुरुवारी दुपारी मी मुलीला शाळेतून घेतलं आणि आम्ही दोघी खाडीच्या अब्रात बसून पलीकडे गेलो. अब्रा म्हणजे तिथली लाकडी नाव. पाणी अंगावर उडालं की ती "मम्मा, धिस इज सो कूल" म्हणत होती. पलीकडे उतरून भेळ खाल्ली आणि परत आलो.

डेप्युटी महिन्याभरानं सुटला आणि लगेच हॉलंडला गेला. जाताना मला फुलं देऊन गेला. व्हॅनवाल्याकडे जाऊन ये, असं मी म्हणाले, तेव्हा विमानाला उशीर होईल म्हणाला. पठाणाचा हात पुष्कळसा सुधारला. पेट्या उचलायचं काम भाऊ करू लागला, हा गाडी चालवायला लागला. मंदूब त्याच्याकडून भाजी घ्यायचा, आणि कधी कधी मलाही आणून द्यायचा.

माझ्या नवऱ्याच्या मित्रांनी तोवर रेड वाइन धरली होती. हृदयाला चांगली असते, असं कोणाच्या तरी डॉक्टरानं सांगितलं होतं म्हणे. नवऱ्यानं लायसन्सची मुदत संपली तेव्हा ते पुन्हा काढलं नाही. "कंटाळा आला," एवढंच म्हणाला. त्यानं त्याला कुठलंही तत्त्वज्ञान चिकटवलं नाही, याबद्दल मी त्याला मनातून मार्क दिले.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं साहेब रिटायर झाले. त्यांचा निरोप समारंभ एका हॉटेलात झाला. मला बोलावलं होतं, पाहुणी म्हणून. गेले. टेबलांवर गुलाबी वाइन होती, बर्फ घातलेली. तरुण डच मंडळींत तेव्हा तिचीच चलती होती. बिअर मागणारे थोडेच दिसले. साहेब वाळले होते, लाली गेली होती. भाषणं झाल्यावर ते माझ्याजवळ आले.

"एवढी वर्षं तुम्ही आमच्यात होतात," ते म्हणाले. "तुम्हाला एकदाही वाटलं नाही, आपण चाखून बघावं?"

"एवढ्या वर्षांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, सर, की तुम्ही काय घेणार."

त्यांनी थोडा विचार केला. विचारलं नव्हतं, हे त्यांना आठवलं असावं. डच माणूस तोंडावर खोटं बोलत नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

"खरं आहे," ते म्हणाले. "मग आता काय घेणार?"

"आता नको. खाली नवरा गाडीत थांबलाय."

त्यांनी हात पुढे केला, मी मिळवला. त्यांची बायको मला लिफ्टपर्यंत सोडायला आली आणि तिनं मला मिठी मारली. खाली गेले तर नवरा गाडीत एसी लावून डुलक्या काढत होता. दार उघडल्यावर जागा झाला आणि पहिला प्रश्न विचारला, "काय होतं गं तिथे?"

"गुलाबी वाइन. बर्फ घालून."

"बर्फ घालून?" तो म्हणाला आणि गाडी सुरू करता करता काहीतरी लक्षात ठेवल्यासारखी त्यानं मान हलवली.